आठ मिलिमीटर

१६ मार्च, रविवार

ही वही माझी नाही, विभासाठी आणलेली आहे. बुधवारी तिच्या हाताचं प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज पानभर लिहीत जा, बोटांना वळण येईल. तिने पहिल्या पानावर 'श्री' काढायला घेतला आणि तो अर्ध्यावरच राहिला. पेन खाली ठेवून तिने वही माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "तुम्हीच लिहा काय लिहायचं ते." म्हणून दुसऱ्या पानापासून मी लिहितो आहे.

क्लेमच्या फॉर्ममध्ये असते तशी आधी वस्तुस्थिती मांडतो. विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात अठ्ठावीस वर्षं काढल्यावर दुसरं काही सुचत नाही. ३१ जानेवारी, संध्याकाळी पावणेसहाचा सुमार. सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न आटोपून आम्ही दोघं टोंकहून जयपूरला परत येत होतो. चाकसू मागे पडलं आणि रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आमची गाडी आदळली. ब्रेक लागले नाहीत. विभाने पुढे हात टेकला, त्यात तिचं उजवं मनगट मोडलं. आत प्लेट आहे आणि सहा स्क्रू. मला खरचटलंसुद्धा नाही.

त्याआधी आठच दिवस मुरलीपुऱ्याच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग झालं होतं. ब्रेकचं काम गिरधारीने केलं होतं. सहा वर्षं तोच आमची गाडी बघायचा. दवाखान्यात मी 'ब्रेक लागले नाहीत' म्हणालो, ते ऐकून ऑफिसातल्या कुणीतरी गॅरेजच्या सेठला फोन केला. विम्याच्या क्लेम विभागातून फोन आला म्हटल्यावर सेठची गाळण उडाली असणार. दुसऱ्या दिवशी त्याने गिरधारीला कामावरून काढलं. मी कुणाला फोन करायला सांगितलं नव्हतं.

डेंटिंगवाल्याने बॉनेट आणि बंपर नवीन बसवून गाडी दिली, ती खाली पार्किंगमध्ये उभी आहे. विभा तिच्यात बसत नाही. हाताच्या व्यायामासाठी शास्त्री नगरच्या दुसऱ्या टोकाला जायचं असतं, तिथे ई-रिक्षाने जाते. मी सोडतो म्हटलं की म्हणते, "आधी ब्रेकचं काय ते बघा."

म्हणून पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि मागच्या चाकांचे ब्रेक लाइनर मागवले आहेत. घरीच बदलणार. रात्री जेवताना तनयाचा बंगळूरहून फोन आला. "बाबा, मतलब, गल्लीत चार मेकॅनिक बसलेत. तू स्वतः का करतोयस हे?" म्हटलं, स्वतः केलं की खात्री असते. ती म्हणाली, "कसली?" मग आईला फोन दे म्हणाली.

१८ मार्च, मंगळवार

पार्सल आलं. विभाने ते डायनिंग टेबलावर फोडून घेतलं. घरात नवीन काहीही आलं की त्याला हळदकुंकू लागल्याशिवाय ती वापरू देत नाही. मिक्सरला लावलं होतं, माझ्या लॅपटॉपलाही लावलं होतं. लोखंडावर पाण्यातलं कुंकू धरत नाही म्हणून तिच्या माहेरी, वाईला, ते तेलात कालवतात.

अनामिकेने लावायला गेली, पण बोट वळेना. सगळं बोट आडवं पॅडवर टेकलं, ठिपक्याऐवजी चांगला मोठा पट्टा उमटला आणि तेल ओघळलं. मी म्हटलं, "डाव्या हाताने लाव."

"डाव्या हाताने लावतात का कधी?"

एकाच पॅडला लावून ती दमली. बाकीच्यांना नुसता नमस्कार केला. मी तेल कागदाने टिपलं आणि पॅड वाळत ठेवला. तिच्या बोटाकडे बघून मला काहीतरी वाटायला हवं होतं बहुतेक. मी घड्याळ बघितलं, सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

२० मार्च, गुरुवार

रजा टाकली. सकाळी आठला जॅक लावून पुढची दोन्ही चाकं काढली. व्हिडिओत तो माणूस दहा मिनिटांत करतो, मला दुपार झाली. पॅड चाकाच्या डिस्कवर दाबून धरणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन आत दाबायला जोर लागतो. तो दाबला, जुने पॅड काढले, नवीन बसवले. कुंकवाचा पॅड डावीकडे, आतल्या बाजूला गेला.

जुने पॅड वर्नियरने मोजले. नव्यात साधारण दहा मिलिमीटर मटेरियल असतं. तीनच्या खाली गेलं की बदलायचं. हे चारही आठ भरले. एकसारखे झिजलेले, कडा साफ, कॅलिपरच्या पिनांना ताजं ग्रीस. आठ मिलिमीटर, अशी नोंद केली.

नव्या पॅडच्या खोक्यात जुने घातले आणि खोकं माळ्यावर, मोठ्या सुटकेसच्या मागे ठेवलं. मोडका भाग निकाल लागेपर्यंत फेकायचा नाही असा आमच्या विभागाचा नियम आहे. तो मोडका नसला तर काय करायचं, ते नियमात नाही.

विभाने विचारलं, "फार झिजले होते का?"

"होते थोडे," मी म्हणालो.

२१ मार्च, शुक्रवार

मागची चाकं. तिथे डिस्क नसते, ड्रम असतो आणि त्याच्या आत अर्धगोल लाइनर स्प्रिंगांनी ताणून धरलेले असतात. एक स्प्रिंग उडून शेजारच्यांच्या कुंडीत गेली. ती शोधण्यात अर्धा तास. उत्साहाच्या भरात मी दोन्ही ड्रम एकदमच उघडले होते, त्यामुळे कुठला भाग कसा होता हे बघायला नमुना उरला नाही. फोटो काढले होते म्हणून निभावलं.

पाच वाजता सगळं बसवून झालं. गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, मागे खांबापर्यंत आणली आणि ब्रेक दाबला. पेडल थेट खाली गेलं, आणि तिथे काहीच नव्हतं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसं. गाडी खांबाला लागली, मागचा दिवा फुटला. अठ्ठावीस वर्षं क्लेमच्या कागदांवर 'ब्रेक फेल' वाचत आलो, पण ते असं असतं हे आज कळलं.

वरचं वाक्य खोडावंसं वाटलं. खोडलेलं नाही.

आवाज ऐकून विभा खाली आली. मी अजून आतच बसलो होतो. "काय झालं?"

"ब्रेक लागले नाहीत."

तिने उघड्या दारातून वाकून माझ्या पायाकडे बघितलं. पाय पेडलवर होता, पेडल तळाला टेकलेलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाय काढा आता," आणि वर गेली.

२२ मार्च, शनिवार

आज इथे बासोडा. शीतला मातेचा दिवस, चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेलं गार जेवायचं. शेजारच्या भाभीजींनी सकाळी बाजरीची राबडी आणि गोड पुए आणून दिले. विभाने डाव्या हाताने खाल्लं.

कालचा घोटाळा कळला. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबलेले असतात. गाडी हलवण्याआधी पेडल पंपासारखं आठ-दहा वेळा दाबून त्यांना पुन्हा पुढे आणायचं असतं. व्हिडिओत हे शेवटच्या अर्ध्या मिनिटात सांगितलं आहे आणि मी तो तिथवर बघितला नव्हता. बारा वेळा दाबलं, पेडल वर आलं.

तरी पहिल्यांदा दाबलं की खोल जायचं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर. हँडब्रेक थोडा ओढून बघितला तर पहिल्यांदाच वर यायचं. म्हणजे मागचे लाइनर ड्रमपासून लांब बसले होते. चाकं उचलून आतला अॅडजस्टर एकेक दात फिरवला आणि ड्रम किंचित घासल्याचा आवाज आला तिथे थांबलो. पेडल एकदम नीट झालं. हे जमलं याचा आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, पण मला कळला नाही.

चार वाजता गल्लीत चक्कर मारली. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढ घेते. हळू असताना थोडी, वेगात असताना जास्त. भाजीच्या गाड्याजवळ स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं. भाजीवाला म्हणाला, "क्या साब, सब्ज़ी के ऊपर ही चढ़ाओगे?"

चाकांतली हवा तपासली, चारही सारखी. पुढची चाकं आपसांत बदलून बघितली. तरी उजवीकडेच.

चौकातल्या मेकॅनिकला दाखवावी म्हणून त्याच्यापर्यंत चालत गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ले आओ, और पुराने पैड भी लेते आना, मिलाके देखूँगा." मी बघतो म्हणालो आणि घरी आलो.

२३ मार्च, रविवार

सकाळी गिरधारीला फोन केला. वाटलं होतं उचलणार नाही, पण दुसऱ्याच रिंगला उचलला. "चाकसू में हूँ साब, गाँव में. हाइवे पे पंक्चर की दुकान है." फोनवरच विचारता आलं असतं. मी "आता हूँ" म्हटलं आणि जाऊन बसमध्ये बसलो. विभाला सांगितलं, ब्रेकच्या कामासाठी चाललोय. तिने कुठे ते विचारलं नाही.

चाकसूच्या शीतला मातेच्या जत्रेहून परतणाऱ्यांनी बस भरल्या होत्या, म्हणजे उलट दिशेच्या. आमची रिकामीच होती. ट्रॉलीची जागा कुठे होती ते मला ओळखता आलं नाही. खिडकीतून नीट बघत होतो, तरी नाही.

गिरधारीचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, हवेचा कॉम्प्रेसर आणि पाण्याची टाकी. पस्तिशीचा माणूस, दोन महिन्यांत वाळल्यासारखा दिसला. उभा राहिला, हात पुसले, आणि पहिलं वाक्य म्हणाला, "मैडम का हाथ कैसा है, साब?"

प्लास्टर निघालं म्हणून सांगितलं. त्याने चहा मागवला. मी ब्रेकचं सगळं सांगितलं, तो मान खाली घालून ऐकत होता. मध्ये फक्त प्रश्न विचारत होता.

"पैर दबाके रखो तो पेडल धीरे-धीरे बैठता है?"

"नहीं."

"स्पंज जैसा?"

"नहीं. कड़क है."

"किस तरफ़ भागती है?"

"दाहिने."

"तो दाहिना पकड़ रहा है, बायाँ नहीं पकड़ रहा. बायाँ पैड खोल के देखो. तेल-ग्रीस कुछ लग गया होगा. एक बूँद भी बहुत होती है, साब, पैड पी जाता है. फिर वो साफ़ नहीं होता, बदलना ही पड़ता है."

मी म्हटलं, तूच ये ना जयपूरला, एकदा स्वतः बघ. त्याने नकार दिला. "ब्रेक का काम अब नहीं करता मैं." एवढा हुशार मेकॅनिक आणि पंक्चर काढत बसला आहे. राग असणार मनात, साहजिक आहे.

निघताना तो माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. "साब, आपने खोला तो पुराने में क्या निकला? कुछ उल्टा-सीधा लगा था?"

मी म्हणालो, लक्षात नाही.

"पिन-विन कुछ जाम?"

"ध्यान नहीं दिया, गिरधारी."

बस आली. त्याने चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. खिडकीतून बघितलं तर तो अजून तिथेच उभा होता. बहुधा जत्रेची गर्दी बघत असावा.

२७ मार्च, गुरुवार

डावं चाक अजून उघडलेलं नाही. सोमवारी ऑफिसात उशीर झाला. मंगळवारी जॅकचा दांडा सापडत नव्हता. काल सापडला, पण ऊन फार होतं.

विभाने आज उजव्या हाताने कप धरला, रिकामा. मला दाखवला नाही, मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं.

ऑफिसात सगळे बदल्यांच्या पुरवणी यादीची वाट बघत आहेत. मीही बघतो, साताऱ्यासाठी तीन वर्षं अर्ज करतो आहे. पहिली यादी ३१ जानेवारीला संध्याकाळी पाच त्रेचाळीसला आली होती, ऑफिसच्या ग्रुपवर. दोन पानांची. माझं नाव तिच्यात नव्हतं. दुसरं पान उघडायला वेळ लागत होता, रेंज नव्हती.

२९ मार्च, शनिवार

आज उघडलं. कारण विभा सकाळी म्हणाली, "उद्या पाडवा. गाडीला हार घालायचा की नाही, ते सांगा." चिडून नाही, यादी करताना विचारतात तसं विचारलं.

डाव्या चाकाचा आतला पॅड काढला. उजवीकडचे दोन्ही राखाडी आणि खरखरीत होते. हा चकचकीत, काळपट लाल, काचेसारखा गुळगुळीत. अंगठा फिरवला तर तेलाचा वास आणि कुंकवाचा रंग. मी टिपून घेतलं होतं, पण गिरधारी म्हणाला तसं पॅडने ते पिऊन टाकलं होतं.

जमिनीवर बसून राहिलो. माझ्या मनात जे पहिल्यांदा आलं ते लिहितो, कारण ते आलं. मनात आलं की या वेळी खरंच दुसऱ्या कुणाची तरी चूक आहे. आता वर जाऊन सांगता येईल, विभा, तुझ्या कुंकवाने झालं. आणि ते खरं असेल. मला बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटलं, आणि ते हे होतं.

मग तिचं ते आडवं टेकलेलं बोट आठवलं. ते का वळत नव्हतं, तेही आठवलं.

पॅड हातात घेऊन वर गेलो. ती गॅलरीत चेंडू दाबण्याचा व्यायाम करत होती. पॅड बघितला आणि लगेच ओळखला. तिचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे?"

"नाही."

"तेल लागलं म्हणून ना? खरं सांगा."

"तेल मी नीट पुसलं नाही. लावू नको म्हणायला हवं होतं, तेही म्हणालो नाही. दुसरे आणतो, तासाभराचं काम आहे." मी तिथेच थांबलो असतो. तिने पुन्हा विचारलं, "म्हणजे ब्रेक बिघडले ते माझ्याच हाताने?" आणि तिने तो हात मांडीवर पालथा ठेवला. मला ते बघवेना.

"विभा, त्या दिवशी ब्रेक चांगले होते."

मी पुढे बोलत राहिलो. पॅड आठ मिलिमीटर होते. माळ्यावर ठेवलेत. मी फोन बघत होतो. यादी आली होती. मान वर केली तेव्हा ट्रॉली समोर होती आणि माझा पाय अजून अॅक्सिलरेटरवर होता. दाबलाच नाही मी ब्रेक. गिरधारीने काही केलेलं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुम्हाला हाक मारली आणि तुमच्या पायाकडे बघितलं. तो हलला नव्हता." चेंडू तिने परडीत ठेवला. "दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा तुम्ही कुणालातरी ब्रेकचं सांगत होता. माझ्या हाताचं तुम्ही त्यानंतर विचारलंत."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही खोटं बोलता म्हणून चारचौघांत सांगू? वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. मग तुम्ही पॅडच मागवलेत. अहो, गाडीत बसायची भीती मला ब्रेकमुळे वाटत नव्हती."

मी विचारलं, आता काय करू. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याचं काम गेलं त्याच्या सेठला सांगा. उद्याच."

दुपारी दुसरे पॅड आणून बसवले. पेडल बारा वेळा दाबलं. गल्लीत तीन वेळा ब्रेक मारला. गाडी सरळ थांबते.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. नैवेद्य झाल्यावर विभा साडी न बदलता खाली आली आणि गाडीचं दार डाव्या हाताने उघडून आत बसली. मी माझा फोन बंद करून तिच्या पर्समध्ये टाकला. मुरलीपुऱ्याचा रस्ता धरला. प्रत्येक सिग्नलला मी उजवा पाय लवकरच ब्रेकवर नेत होतो. ब्रेक लागत होते.

गॅरेज उघडं होतं. सेठने केबिनमध्ये बसवलं, पेढे पुढे केले. मी घरून लिहून आणलेला कागद दिला. अपघाताच्या वेळी ब्रेक चालू स्थितीत होते, चूक पूर्णपणे माझी, मेकॅनिक गिरधारी यांचं काम निर्दोष होतं, खाली सही आणि तारीख. माझ्या क्लेमवर 'ब्रेक फेल' असंच लिहिलं आहे, म्हणून कंपनीलाही हेच लिहून देणार असल्याचं सांगितलं. तिथे माझ्यावर काय कारवाई होईल ते मला माहीत आहे, असे कागद मीच पुढे पाठवतो.

सेठने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "छोड़िए ना साब, हो गया सो हो गया. नया लड़का रख लिया मैंने."

विभा म्हणाली, "भाईसाब, उसको फ़ोन लगाइए. हमारे सामने."

सेठने स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. गिरधारी "हाँ सेठजी" म्हणाला. सेठ म्हणाला, "साब आए हैं. लिखके लाए हैं. कह रहे हैं ब्रेक ठीक थे, गलती इनकी थी."

पलीकडे हवेचा कॉम्प्रेसर चालू होता. तो बंद झाला.

"मैडम हैं वहाँ?" गिरधारीने विचारलं.

"मैं हूँ भैया," विभा म्हणाली. "ब्रेक में कुछ नहीं था. इन्होंने दबाया ही नहीं था. मैंने अपनी आँखों से देखा. मुझे भी पहले बोलना चाहिए था."

सेठने फोन कट झाला का म्हणून वाकून बघितलं. मग गिरधारीचा आवाज आला, हळू, लांबून आल्यासारखा.

"मैडम, मैंने तो मान लिया था. मैं तो यही सोचता था कि मुझसे कुछ छूट गया और आपका हाथ टूट गया. दो महीने हो गए, किसी की गाड़ी के ब्रेक को हाथ नहीं लगाया मैंने. डर लगता था. साब दुकान पे आए थे, तब भी पूछा मैंने उनसे."

विभाने माझ्याकडे बघितलं. चाकसूला मी गेलो होतो हे तिला माहीत नव्हतं. मी काय उत्तर दिलं होतं तेही नव्हतं. त्याने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि मी 'ध्यान नहीं दिया' म्हणालो होतो.

तिने फोन उचलून माझ्या हातात दिला. मला लाज वाटली, आणि तिथेच, सेठच्या आणि त्याच्या नव्या मेकॅनिकच्या समोर, मला रडू फुटलं. पलीकडून गिरधारी विचारत होता, "साब? हेलो? साब, सुन रहे हो?"

"सुन रहा हूँ," मी म्हणालो. "बोलो, गिरधारी."